ऑटोफोकस फिल्म एसएलआर घेताना : बॉडी खर्चात, लेन्स ठेवीत

एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या फिल्म कॅमेऱ्यात चित्र घडतं ते दोन ठिकाणी, पुढे लेन्समध्ये आणि मागे फिल्मवर. मधल्या बॉडीकडे तीनच कामं असतात. फोकस अचूक लावायचा, शटर ठरल्या वेळेपुरतं उघडायचं आणि रोल नीट पुढे सरकवायचा. ही तीन कामं चोख करणारी हलकी प्लॅस्टिकची बॉडी घ्या, शेजारी व्यावसायिकांची दणकट बॉडी ठेवा, दोन्हींवर तीच लेन्स आणि तोच रोल लावा. निगेटिव्ह बघून कुठली कशातून आली हे सांगता येणार नाही. डिजिटलमध्ये सेन्सर बॉडीत बसलेला असतो, म्हणून बॉडीला एवढं महत्त्व द्यायची सवय आपल्याला लागली. फिल्मकडे वळताना ती सवय बाजूला ठेवावी लागते.

त्यात ऑटोफोकसच्या बॉडी म्हणजे सगळा इलेक्ट्रॉनिक कारभार. जुना यांत्रिक कॅमेरा चांगला कारागीर खोलून, साफ करून, तेल देऊन पुन्हा उभा करतो. ऑटोफोकस बॉडीचं सर्किट गेलं तर दुसऱ्या बंद बॉडीतून काढलेला भाग मिळाला तरच काम होतं. म्हणून माझा हिशेब साधा आहे. बॉडी खर्चात धरायची आणि लेन्स ठेवीत. बॉडी एक दिवस बंद पडणार हे गृहीत धरा, त्या दिवशी तीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर चढली पाहिजे. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या या एका हिशेबावर उभ्या आहेत.

ऑटोफोकसच का?

फिल्म म्हटलं की लोक थेट हाताने फोकस लावायच्या कॅमेऱ्याकडे जातात. शिकण्यासाठी ते उत्तमच. पण घरात दोन वर्षांचं मूल धावत असेल, लग्नाच्या मांडवात उभं राहून फोटो काढायचे असतील किंवा चाळिशी लागून व्ह्यूफाइंडरमधली धार नीट दिसेनाशी झाली असेल, तर ऑटोफोकस ही खरी गरज आहे. छत्तीस फोटोंतले दहा धूसर आले तर रोल, धुलाई आणि स्कॅन या तिन्हींचे पैसे वाया जातात. शिवाय हाताने फोकस लावायचे चांगले कॅमेरे आता महाग झालेत, आणि नव्वदीच्या दशकातल्या ऑटोफोकस बॉडींकडे अजून फारसं कुणी वळून पाहत नाही.

पायरी पहिली : आधी घरातलं कपाट उघडा

बाजारात जाण्याआधी घरात, भावाकडे, मित्राकडे कुठल्या लेन्स पडून आहेत ते पाहा. गेल्या वीस वर्षांत आपल्याकडे घरोघरी डिजिटल एसएलआर आले आणि मोबाइल सुधारल्यावर ते पिशवीत बंद झाले. त्या पिशवीतली एखादी लेन्स फिल्म बॉडीवर जशीच्या तशी चालते. सगळ्या मात्र चालत नाहीत.

कॅननचं गणित सोपं आहे. १९८७ मध्ये कॅननने ईओएस ६५० बॉडीसोबत ईएफ हा पूर्णपणे नवा माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला अडकवायची जागा, आणला. जुन्या एफडी लेन्स त्यावर बसेनात, तेव्हाचे ग्राहक नाराज झाले, पण आज त्याच निर्णयाचा आपल्याला फायदा होतो. कुठलीही ईएफ लेन्स कुठल्याही ईओएस, म्हणजे कॅननच्या ऑटोफोकस मालिकेतल्या, फिल्म बॉडीवर चालते, हात हलला तरी चित्र सावरणाऱ्या स्थिरीकरणासकट. लेन्सच्या मागच्या कडेला लाल ठिपका असेल तर ती ईएफ. पांढरा चौकोन असेल तर ती ईएफ-एस, छोट्या सेन्सरच्या डिजिटलसाठी बनवलेली. ती फिल्म बॉडीवर बसत नाही आणि जोर लावून बसवायचीही नाही, कारण तिचा मागचा भाग आत शिरतो आणि आरसा त्यावर आपटू शकतो. म्हणजे डिजिटलसोबत आलेली १८-५५ मिमी झूम बाद, ५५-२५०ही बाद. ५० मिमी एफ/१.८ (एफ/ नंतरचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते) मात्र चालते, अगदी २०१५ मध्ये आलेली एसटीएम आवृत्तीसुद्धा.

निकॉनचं गणित थोडं गुंतागुंतीचं आहे, आणि लोक फसतात ते इथेच. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून तोच राहिला, पण त्यातून लेन्सशी बोलण्याची पद्धत पाच-सहा वेळा बदलली. लेन्सवर अॅपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र लहान-मोठं करायची, कडी असेल आणि नावात एएफ किंवा एएफ-डी असेल, तर ती कुठल्याही ऑटोफोकस फिल्म बॉडीवर डोळे झाकून चालेल. कडी नसलेल्या जी प्रकारच्या एएफ-एस लेन्स एफ६५, एफ७५, एफ८०, एफ१००, एफ५ आणि एफ६ या बॉडींवर नीट चालतात. एफ४ आणि एफ९०एक्सवर त्यांचा फोकस लागतो, पण अॅपर्चर आपल्याला ठरवता येत नाही, फक्त प्रोग्रॅम (सगळं कॅमेरा ठरवतो) आणि शटर प्राधान्य (शटरचा वेळ आपण ठरवतो) एवढंच मिळतं. एफ५५वर एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकसच चालत नाही, म्हणून ती बॉडी स्वस्तात मिळाली तरी मी घ्यायला सांगणार नाही. अलीकडच्या एएफ-पी लेन्स फिल्म बॉडीवर फोकस करत नाहीत. नावात एफ-आकड्यानंतर ई आलेल्या लेन्सचं अॅपर्चर फिल्म बॉडीला मिटवता येत नाही, ते कायम पूर्ण उघडं राहतं. डीएक्स, म्हणजे छोट्या सेन्सरच्या डिजिटलसाठी बनवलेल्या, लेन्स बसतात, पण चौकटीचे कोपरे काळे येतात.

कॅननच्या आरएफ आणि निकॉनच्या झेड, म्हणजे मिररलेसच्या लेन्स, यातल्या कुठल्याच फिल्म बॉडीवर बसणार नाहीत.

वडिलांची हाताने फोकस लावायची एआय निक्कोर लेन्स घरात असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एफ८०वर ती चढते, पण उजेड मोजणारा मीटर बंद होतो. एफ१०० आणि एफ९०एक्स तिच्यासोबत मीटर देतात. अशी लेन्स घरात असलेल्याला मी थेट एफ१००कडे पाठवते.

पायरी दुसरी : माउंट ठरवा

घरात काहीच नसेल तर पाटी कोरी आहे आणि चार घराण्यांतून निवड करायची आहे.

या गोष्टीची खरी सुरुवात मिनोल्टाची. १९८१ च्या पेंटॅक्स एमई-एफपासून प्रयत्न चालू होते, पण फोकसची मोटर बॉडीतच बसवून लोकांनी उचलून धरलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९८५ चा मिनोल्टा ७०००. त्याच्यासोबत आलेला ए माउंट पुढे २००६ मध्ये सोनीकडे गेला. मिनोल्टाच्या लेन्स रंगाला गोड आहेत आणि तुलनेने स्वस्त मिळतात. ५० मिमी एफ/१.७ आणि ७०-२१० एफ/४ या दोन लेन्स बघाव्यात, ७०-२१० हाती घेतली की धातूचं वजन जाणवतं. बॉडींमध्ये डायनॅक्स ५ आणि डायनॅक्स ७ या २०००-२००१ च्या सुमाराच्या, शेवटच्या पिढीतल्या आणि विचार करण्याजोग्या. अडचण आपल्या बाजाराची आहे. इथे मिनोल्टाच्या लेन्स क्वचित दिसतात आणि सोनीने स्वतःच तो माउंट मागे टाकला आहे. माझ्या हिशेबात दुसरी बॉडी सहज मिळायला हवी, आणि ती अट इथे कच्ची पडते.

पेंटॅक्सचा के माउंट जुन्या लेन्सशी प्रामाणिक राहिला, पण एमझेड मालिकेतल्या बऱ्याच बॉडींत आरशाच्या मोटरचा प्लॅस्टिकचा दाता तुटतो. घरात पेंटॅक्सच्या लेन्स असतील तरच इकडे या.

राहिले निकॉन आणि कॅनन. महाराष्ट्रात राहून घेणार असाल तर या दोघांपैकीच एक घ्या असं मी स्पष्ट सांगेन. लेन्स, सुट्या वस्तू, दुरुस्त करणारे हात, सगळं याच दोघांभोवती आहे. सगळं नव्याने घेणाऱ्याला कॅनन सोपा पडेल, कारण तिथे कुठली लेन्स कशावर चालते हा प्रश्नच उरत नाही. जुन्या लेन्स वापरून बघायची हौस असेल तर निकॉन.

पायरी तिसरी : बॉडी

नियम एकच धरा, शक्य तितकी उशिराच्या वर्षांतली बॉडी. १९९९ ते २००४ या काळात फिल्म बॉडी सर्वांत पक्क्या झाल्या होत्या, आणि लगेच डिजिटल आल्यामुळे त्या फारशा वापरल्याही गेल्या नाहीत. १९८७ ते ९० च्या सुमाराच्या ईओएस बॉडी दिसायला सुंदर आहेत, पण त्यांच्या शटरजवळचा फोमचा तुकडा काळानुसार विरघळतो आणि त्याचा डांबरासारखा चिकट थर पात्यांवर येतो. मग शटर अडकतं.

सर्वांत खालच्या पायरीवर कॅनन ईओएस ३००, ईओएस ३००व्ही आणि निकॉन एफ६५, एफ७५. हलक्या आहेत, फोटो उत्तम देतात. एफ६५वर आयएसओ, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, हाताने बसवता येत नाही. रोलच्या डबीवर चंदेरी-काळ्या चौकोनांची जी पट्टी असते तो डीएक्स कोड, १९८३ पासून चालत आलेला. कॅमेरा त्यावरून आयएसओ वाचतो. डीएक्स लेन्सशी याचा संबंध नाही. पण आपल्याकडे बरेच जण मोठ्या रिळातून हाताने भरलेले रोल वापरतात आणि त्या डब्यांवर हा कोड नसतो. कोड नसला की एफ६५ फिल्म १०० आयएसओची समजतो. आत ४०० ची असेल तर चौपट उजेड पडतो. असे रोल वापरणार असाल तर ही बॉडी टाळा.

दुसरी मर्यादा जास्त बोचते. ईओएस ३०० आणि एफ६५मध्ये फोकस एकदा लावून धरायचा की सतत बदलत ठेवायचा, हे बॉडी स्वतः ठरवते. धावपळीच्या फोटोंसाठी डायलवर स्पोर्ट्सचं चित्र असतं तेवढंच. एरवी चालून जातं. पण आषाढात दिवे घाटात उभं राहून बघा. एखादी माउली डोक्यावर तुळस घेऊन चढ चढत थेट तुमच्याकडे येत असते, मागे पताका हलत असतात, मधून टाळकरी आडवे जातात. त्या वेळी फोकस तिच्या चेहऱ्यावर धरून ठेवायचा की तिच्याबरोबर सरकवायचा हा निर्णय माझा असायला हवा. चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात घोडा दोन रांगांमधून सुटतो तेव्हा विचार करायला एक-दोन सेकंदही मिळत नाहीत. तिथे सतत फोकस आधीच लावलेला असावा लागतो.

म्हणून माझी निवड एक पायरी वरची, निकॉन एफ८० किंवा कॅनन ईओएस ३०, ईओएस ३३. तिन्ही २००० च्या सुमाराच्या. एफ८०च्या पुढच्या बाजूला, लेन्सच्या मुळाशी छोटं बटण आहे, बोटाने न पाहता एकदाचा की सततचा फोकस ते बदलता येतं. ईओएस ३० आणि ३३वर त्यासाठी वेगळा खटका आहे. दोन्हींना १/४००० सेकंदापर्यंतचं शटर. एफ८०च्या व्ह्यूफाइंडरमध्ये हव्या तेव्हा जाळीच्या रेषा उमटतात. क्षितिज तिरकं येणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. ईओएस ३०मध्ये डोळा ज्या बिंदूकडे बघेल तिथे फोकस लागतो. चष्मा असेल तर हे नीट चालेलच असं नाही. ते नको असेल तर ईओएस ३३ घ्या, बाकी कॅमेरा तोच.

त्याच्या वर निकॉन एफ१००, कॅनन ईओएस ३, आणि सगळ्यांच्या वर ईओएस-१व्ही, एफ५, एफ६. निकॉनने एफ६ २००४ मध्ये आणला आणि २०२० पर्यंत चालू ठेवला. पावसात, धुळीत, रोज काम असेल तर या बॉडी घ्या. हौसेसाठी यांच्यावर जाणारा जादा पैसा मी लेन्सवर आणि रोलवर घालीन.

सेल कुठला लागतो हे पण आधीच बघा. एफ१०० आणि एफ९०एक्स साध्या पेन्सिल सेलवर चालतात, चार सेल, कुठल्याही गावातल्या किराणा दुकानात मिळतील. एफ८० आणि ईओएस ३०ला सीआर१२३ए प्रकारचे दोन लिथियम सेल लागतात. एफ८०ला एमबी-१६ ही खालून जोडायची पेटी लावली तर चार पेन्सिल सेलवर काम भागतं. ईओएस ३०० आणि एफ६५ला सीआर२ दोन. ईओएस ५, ईओएस ३ आणि जुन्या बऱ्याच ईओएसना २सीआर५ लागतो, आणि तो तालुक्याच्या गावी मिळेल या भरवशावर राहू नका. सेल संपला की हे कॅमेरे पूर्ण बंद. एक जोड कायम पिशवीत.

परदेशातून मागवताना नावांचा घोळ

अमेरिकेतला भाऊ किंवा मावशी येताना कॅमेरा आणणार असेल तर नाव नीट सांगा, कारण एकच बॉडी तिथे वेगळ्या नावाने विकली गेली. निकॉन एफ८० तिथे एन८०, एफ६५ तिथे एन६५, एफ९०एक्स तिथे एन९०एस. कॅनन ईओएस ३०० अमेरिकेत रेबेल २०००, जपानमध्ये किस ३. ईओएस ३० म्हणजे इलान ७ई, ईओएस ३३ म्हणजे इलान ७. मिनोल्टा डायनॅक्स अमेरिकेत मॅक्सम आणि जपानमध्ये अल्फा. जपानमधून टपालाने मागवलात तर कस्टम्सचं शुल्क धरून हिशेब करा. विमानात चेक-इन करायच्या सामानात फोटो काढलेला किंवा कोरा रोल कुणालाही ठेवू देऊ नका. विमानतळावरच्या क्ष-किरणांनी फिल्म खराब होते. रोल हातातल्या पिशवीत, आणि हाताने तपासायची विनंती करायची.

पायरी चौथी : पहिली लेन्स

५० मिमी एफ/१.८. एवढंच लिहून थांबलं तरी चालेल, पण कारण सांगते. बॉडीसोबत येणारी २८-८० झूम ८० मिमीला एफ/५.६ च्या आसपासच उघडते. ५० मिमी एफ/१.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. डिजिटलमध्ये आयएसओ वाढवून वेळ मारून नेता येते. फिल्ममध्ये आत भरलेला रोल २०० चा तर २०० चाच. संध्याकाळी पडवीत, देवघराच्या उजेडात, एसटीच्या खिडकीशी बसलेल्या आजीचा फोटो ५० मिमीनेच निघेल. फोकसलाही याच उजेडाची मदत होते. आरशाच्या मध्यातून थोडा उजेड आरपार जातो, मागचा छोटा आरसा तो बॉडीच्या तळाशी असलेल्या सेन्सरकडे वळवतो, आणि तिथे लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा जुळतात का ते तपासलं जातं. लेन्स जेवढी उघडी तेवढं हे काम अंधारात सोपं.

निकॉनमध्ये ५० मिमी एफ/१.८डी घ्या. फोकसची मोटर बॉडीत असल्याने ही लेन्स साधी आहे, बिघडण्यासारखं तिच्यात फार थोडं. तिच्या अॅपर्चरच्या कडीवर २२ चा आकडा नारिंगी आहे. कडी तिथे नेऊन बाजूची छोटी कळ सरकवून लॉक करा. नाही तर एफ८०च्या पडद्यावर 'एफईई' अशी अक्षरं लुकलुकतात आणि शटर दबत नाही. कॅमेरा बिघडला म्हणून तो विकायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दुरुस्ती एका बोटाची असते. हीच लेन्स पुढे मोटर नसलेल्या छोट्या निकॉन डिजिटलवर लावलीत तर तिथे ऑटोफोकस होणार नाही, एवढं ध्यानात असू द्या.

दुसरी लेन्स लगेच घेऊ नका. पाच-सहा रोल ५० मिमीवर काढा. मागे भिंत लागते आणि अजून मागे सरकायला हवं असतं असं वारंवार झालं तर २८ किंवा ३५ मिमी. पुढे जाता येत नाही, माणसं दूर राहतात असं झालं तर ८५ मिमी. सिग्मासारख्या इतर कंपन्यांच्या जुन्या कॅनन माउंटच्या लेन्स नंतरच्या ईओएस बॉडीवर अडकतात, तेव्हा त्या आपल्या बॉडीवर लावून, एफ/८ ला शटर दाबून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

पायरी पाचवी : हातात घेऊन तपासणी

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार, पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार, गावातला बंद पडत आलेला फोटो स्टुडिओ, कुठेही जा. पिशवीत तीन गोष्टी ठेवा. त्या बॉडीचे नवे सेल, बारीक झोताचा टॉर्च आणि वाया गेलेला एक रोल. आणि दिवसाउजेडी जा.

हे शेवटचं मी किंमत मोजून शिकले. जुलैच्या एका संध्याकाळी ट्यूबलाइटखाली एक ७०-२१० झूम पाहिली, काच चकचकीत दिसली, घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी धरली तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, कडेकडून मध्याकडे सरकलेले. बुरशी. विकणाऱ्याने परत घेतली नाही. साफ करून आणली तेव्हा भिंगावरचं आवरण जिथे खाल्लं गेलं होतं तिथे डाग तसेच राहिले, आणि उजेडासमोर फोटो काढला की पांढुरकी झाक येते.

म्हणून लेन्स अशी बघा. दोन्ही झाकणं काढा. मागच्या बाजूने टॉर्चचा झोत तिरका टाका आणि पुढून बघा, मग उलट. सरळ झोतात बुरशी लपते, तिरक्यात चमकते. धुळीचे चार कण असले तर हरकत नाही. तंतू, किंवा सगळ्या काचेवर दुधी पडदा दिसला तर लेन्स खाली ठेवा. कडी असलेल्या निकॉन लेन्सच्या मागे छोटी तरफ असते. कडी २२ वर ठेवून ती बोटाने ढकलून सोडा. अॅपर्चरची पाती चटकन मिटली पाहिजेत. आळसावल्यासारखी मिटली किंवा पात्यांवर तेल चमकलं तर नको. कॅननच्या लेन्सला अशी तरफ नसते, ती बॉडीवर लावूनच बघावी लागते.

बॉडीत आधी सेलचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरी बुरी दिसली तर तिथेच थांबा. मग मागचं दार उघडून शटरची पाती बघा, पण बोट लावू नका, ती कागदाइतकी नाजूक असतात. त्यांवर काळा ओशट डाग नको. दार उघडंच ठेवून, लेन्स काढून, कॅमेरा उजेडाकडे धरा आणि १/१००० वर शटर दाबा. सगळी चौकट क्षणभर सारखी उजळलेली दिसली पाहिजे. एका सेकंदावर दाबा, अर्ध्या सेकंदावर दाबा, फरक कानाला कळेल.

आता वाया गेलेला रोल भरा. ईओएस ३०० मध्ये रोल टाकून दार लावलं की बारीक घरघर सुरू होते आणि थांबत नाही, आकडा चढत छत्तीसपर्यंत जातो. नव्या माणसाला वाटतं रोल वाया चालला. तसं नाही. ही बॉडी आधी सगळी फिल्म बाहेर ओढून घेते आणि प्रत्येक फोटोनंतर एकेक चौकट डबीत परत ढकलते, आकडा उलटा मोजत. चुकून दार उघडलं तर काढलेले फोटो डबीत सुरक्षित. एफ८० नेहमीच्या दिशेनेच जाते. रोल संपेपर्यंत शटर दाबत राहा आणि आपोआप मागे गुंडाळला जातो का ते ऐका.

एफ८०, एफ१००, एफ९०एक्सची रबरी पाठ चिकट झालेली असते. ती बघून घाबरू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने निघते. उलट त्यावरून भाव उतरवून मागा. शेवटी लेन्स लावून दुकानातल्या जवळच्या पाटीवर आणि मग रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोकस लावा. खात्रीने, मागे-पुढे न भटकता लागला पाहिजे. आणि जुन्या स्टुडिओतला मोठा फ्लॅश या बॉडीवर चढवून बघू नका. काहींच्या टोकांवर शेकडो व्होल्ट असतात आणि सर्किट जळतं.

पायरी सहावी : घरी आणल्यावर, पावसाळ्याआधी

बुरशीला ओल आणि अंधार हवा असतो, आणि कोकणात काय किंवा मुंबईत काय, चार महिने दोन्ही फुकट मिळतं. चामड्याच्या जुन्या पिशवीत लेन्स ठेवणं सर्वांत वाईट. चामडं ओल धरून ठेवतं. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणा, तळाशी सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर काही दिवस राहिला तर जेल बदला. निळं जेल ओल पिऊन गुलाबी होतं, कढईत मंद आचेवर परतलं की पुन्हा निळं होतं. ती कढई मात्र परत स्वयंपाकाला घ्यायची नाही. महिन्यातून एकदा लेन्स बाहेर काढून उजेडात वापरा. रोल फ्रिजमध्ये ठेवले असतील तर भरण्याआधी तासभर तरी बाहेर, डबी बंदच ठेवून. नाही तर फिल्मवर दव धरतं.

पायरी सातवी : पहिला रोल, चाचणीचा

लग्नाला किंवा सहलीला नवी बॉडी थेट नेऊ नका. साधा २०० चा रंगीत रोल भरा आणि वहीत प्रत्येक चौकट लिहा.

पहिल्या सहा चौकटी हलक्या ढगाळ उजेडात, एकाच भिंतीच्या, सगळं हाताने लावून : एफ/१६ ला १/६०, एफ/११ ला १/१२५, एफ/८ ला १/२५०, एफ/५.६ ला १/५००, एफ/४ ला १/१०००, एफ/२.८ ला १/२०००. सहाही वेळा फिल्मवर पडणारा उजेड तोच. पुढच्या चार चौकटी फोकसच्या. टेबलावर पाच काड्यापेट्या तिरक्या रांगेत मांडा, प्रत्येकीत तीन बोटांचं अंतर, मीटरभर दूर बसून एफ/१.८ ला मधल्या पेटीवर मधल्या बिंदूने फोकस. मग लेन्सवर झाकण लावून कॅमेरा पाच मिनिटं उन्हात ठेवा, सगळ्या बाजूंनी ऊन लागू द्या, आणि पुढचा फोटो काढा. दारातून उजेड झिरपत असेल तर त्या चौकटीवर पट्टा येईल. उरलेला रोल मनासारखा संपवा.

धुवायला देताना निगेटिव्ह परत हवी हे आधी सांगा. स्कॅन बघून बॉडी पास करू नका, कारण स्कॅनर प्रत्येक चौकटीचा उजेड आपोआप सारखा करतो आणि चूक झाकून टाकतो. निगेटिव्हची पट्टी खिडकीशी धरा, मागे पांढरा कागद, आणि पहिल्या सहा चौकटी शेजारी शेजारी बघा. सहाही सारख्याच गडद दिसल्या तर शटर आणि अॅपर्चर दोन्ही ठीक. १/१००० आणि १/२००० च्या चौकटी एका बाजूला फिकट पडल्या असतील तर शटरची पाती मंदावली आहेत. चौकटींमधली जागा कमी-जास्त असेल किंवा फोटो एकमेकांवर चढले असतील तर रोल ओढणारी मोटर थकली आहे. या दोन्हींत बॉडी परत करायची. मधल्या पेटीऐवजी मागची किंवा पुढची पेटी चारही वेळा धारदार आली असेल तर दुसरी लेन्स लावून पुन्हा बघा, दोष कुठला ते तेव्हाच कळेल. आणि फक्त एफ/१६, एफ/११ च्या चौकटी बाकीच्यांपेक्षा जास्त काळ्या आल्या असतील, तर पाती वेळेत मिटत नाहीत. तेव्हा बॉडी ठेवा आणि लेन्स बदलून आणा.